नात्यांचे गणित करणारा समाजशास्त्रज्ञ नेमके काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: समाजशास्त्रात पदवी झाली, पण गणिताची ओढ सुटलेली नाही. सामाजिक नेटवर्कचा गणिताने अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ असतात असे कळले. ते दिवसभर काय करतात, त्याला गणित किती लागते आणि त्यावर आयुष्यभराचे काम उभे राहू शकते का?

राहू शकते. मी बरीच वर्षे हेच काम करते आहे आणि पुन्हा निवडायची वेळ आली तरी हेच निवडेन. किती गणित लागते हे पुढे सांगतेच, पण ते गणित कशावर चालवायचे हे आधी पाहू. या कामातली खरी कसोटी तिथे लागते.

नेटवर्क म्हटले की फेसबुक-इन्स्टाग्राम डोळ्यांसमोर येते. आमचा विषय त्याहून कितीतरी जुना आहे. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या निवासी शाळेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. एरवीपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त होते. जेकब मोरेनो हे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्स यांनी या मुलींच्या स्वभावात खोट शोधली नाही. कोणाला कोणाची सोबत हवीशी वाटते, कोणाची नकोशी, याचे नकाशे त्यांनी काढले. माणूस म्हणजे बिंदू, नाते म्हणजे रेघ. पळून जाण्याची लाट या रेघांच्या वाटेने पसरली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९३४ मध्ये हे सगळे ग्रंथरूपाने आले. पुढे १९५४ मध्ये जे. ए. बार्न्स या मानववंशशास्त्रज्ञाने नॉर्वेमधल्या एका बेटावरच्या वस्तीचा अभ्यास करताना ‘सोशल नेटवर्क’ ही संज्ञा आज आपण वापरतो त्या अर्थाने वापरली.

बिंदू आणि रेघांचे गणित तर १७३६ सालचे, गणितज्ञ ऑयलरने सोडवलेल्या कोनिग्सबर्ग शहरातल्या पुलांच्या कोड्यापासूनचे. ते समाजशास्त्राच्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडले विसाव्या शतकाच्या मध्यावर. मला स्वतःला या विषयाची गोडी लावणारा निकाल त्याच काळातला आहे, म्हणून तो जरा विस्ताराने सांगते.

‘शत्रूचा शत्रू तो आपला मित्र’ हे आपण सहज म्हणतो. फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये अशा त्रिकुटांचा विचार मांडला. मित्राचा मित्र मित्र असला, शत्रूचा शत्रू मित्र असला, की तिघांत ताण राहत नाही. माझे दोन मित्र एकमेकांचे वैरी असले, की तो राहतो. इथवर हे तिघांपुरतेच होते. १९५६ मध्ये डॉर्विन कार्टराइट हे मानसशास्त्रज्ञ आणि फ्रँक हरारी हे गणितज्ञ यांनी सिद्ध केले, की ज्या गटात प्रत्येकाचे प्रत्येकाशी मैत्रीचे किंवा वैराचे नाते आहे आणि त्यातले प्रत्येक त्रिकूट ताणरहित आहे, त्या गटाचे दोनच प्रकार संभवतात: सगळे एकमेकांचे मित्र, किंवा गटाचे सरळ दोन तट. तिसरी शक्यता उरत नाही. गटात ५ माणसे असोत की ५०,०००. नंतर १९६७ मध्ये जेम्स डेव्हिस यांनी एकच अट सैल केली: शत्रूचे शत्रू मित्र असलेच पाहिजेत असे नाही, तिघेही एकमेकांचे वैरी असू शकतात. तेवढ्याने दोन तटांची सक्ती गेली आणि अनेक तटांचा समाज शक्य झाला.

या दोन निकालांत आमच्या विषयाचे मर्म आहे. प्रत्येक माणूस आपल्या जवळच्या दोघा-तिघांकडे पाहूनच वागतो. संपूर्ण गटाचा आकार कोणाच्याच मनात नसतो, तरी तो तयार होतो. जवळच्या नियमातून दूरचा आकार कसा निघतो हे नुसत्या निरीक्षणाने कळत नाही, अंतःप्रेरणेने तर मुळीच नाही. त्यासाठी गणित लागते.

आता कसोटीची गोष्ट. दोन माणसांमध्ये रेघ ओढायची की नाही, हे कोण ठरवणार?

‘तुमचे मित्र कोण?’ असा प्रश्न वर्गात विचारला तर कोणी दोन नावे लिहील, कोणी बारा. सुनीताने अनिलचे नाव लिहिले आणि अनिलने सुनीताचे लिहिले नाही, तर रेघ आहे की नाही? दोघांनीही लिहिले तरच धरायची, की एकाने लिहिले तरी पुरे? की बाण काढायचा आणि एकतर्फीपण जपायचे? शाळेत मैत्रीचे दावे बरेचदा एकतर्फी असतात आणि एकतर्फी असणे हीच तिथली मोलाची माहिती असते. ज्याच्याकडे बाण येतात पण ज्याच्याकडून जात नाहीत, त्याचे वर्गातले स्थान वेगळे असते. ‘नाते म्हणजे नाते’ म्हणून तुम्ही सगळ्या रेघा सारख्या केल्यात, तर हे स्थान डेटातून पुसले जाते. मग कितीही प्रगत सूत्र लावा, ते परत मिळत नाही.

शब्दरचनेचा परिणाम किती होतो याचे एक गाजलेले उदाहरण आहे. अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हे या देशव्यापी सर्वेक्षणात १९८५ साली लोकांना विचारले गेले, की गेल्या सहा महिन्यांत तुम्ही तुमच्या महत्त्वाच्या गोष्टी कोणाशी बोललात. सरासरी २.९४ नावे आली. २००४ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा सरासरी २.०८ वर आली आणि एकही नाव न देणारे जवळजवळ तिपटीने वाढले. २००६ मध्ये हे छापून आल्यावर माणसे एकाकी होत चालल्याची मोठी चर्चा झाली. मग इतर अभ्यासकांनी मूळ डेटा उकलून पाहिला. काही मुलाखतकारांकडे शून्य नावांची उत्तरे संशय यावा इतकी जास्त होती. लांबलचक प्रश्नावलीत एक नाव सांगितले की पुढे त्यावर आणखी प्रश्न येतात, हे कंटाळलेल्या माणसालाही कळते आणि थकलेल्या मुलाखतकारालाही. एकाकीपणा खरोखर किती वाढला हा वाद त्यामुळे वेगळ्याच पातळीवर गेला. शिवाय ‘महत्त्वाच्या गोष्टी’ म्हणजे काय, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलेले असते.

त्याआधी, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, रसेल बर्नार्ड आणि पीटर किलवर्थ यांनी सहकाऱ्यांसह आणखी मूलभूत गोष्ट तपासली होती. आपण कोणाशी किती बोलतो हे माणसे सांगतात, त्याची त्यांनी प्रत्यक्ष संपर्काच्या नोंदींशी तुलना केली. सांगितलेल्यातले जवळपास निम्मे जुळले नाही. यावरून प्रश्नावल्या निरुपयोगी ठरतात असे मी मानत नाही. लोकांना काय आठवते, त्यांना कोणते नाते मोलाचे वाटते, हेही समाजशास्त्राचेच विषय आहेत. पण आपण प्रत्यक्ष भेटीगाठी मोजतो आहोत की आठवणीतली नाती, हे आपले आपल्याला स्वच्छ माहीत हवे.

म्हणून क्षेत्रकाम टाळून नुसत्या संगणकावर हा विषय करू पाहणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, की तसे करू नका. वेन झॅकरी यांचा १९७७चा अभ्यास पाहा. एका विद्यापीठातल्या कराटे क्लबमध्ये शुल्कावरून प्रशिक्षक आणि पदाधिकारी यांच्यात वाद पेटला आणि क्लब फुटला. झॅकरी यांच्याकडे ३४ सभासदांच्या क्लबबाहेरच्या मैत्रीची नोंद होती. त्या रेघांवर त्यांनी प्रवाहाचे गणित लावले आणि फूट कुठे पडेल ते काढले. एक माणूस सोडून सगळे अचूक निघाले. आज नेटवर्कमध्ये गट शोधणारी कुठलीही नवी पद्धत आली की ती बहुधा या ३४ जणांवर चालवून पाहिली जाते. पण तो एक माणूस का चुकला? त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि दुसऱ्या गटात गेला असता तर आजवर मिळवलेला बेल्ट सोडावा लागला असता. हे कारण कोणत्याही रेघेत नव्हते. ते झॅकरींना कळले, कारण ते त्या क्लबमध्ये वावरत होते. डेटा संगणकावर उतरवून घेणाऱ्या हजारो जणांना सूत्र चालवता येते. त्या माणसाबद्दल सांगता येणे, हे समाजशास्त्रज्ञाचे काम.

गणिताची गरज दुसऱ्या एका ठिकाणीही पडते, आणि तिथे संभाव्यतेशिवाय पान हलत नाही. ३० जणांच्या वर्गात जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीत रेघ असेल किंवा नसेल एवढेच धरले, तरी शक्य नेटवर्कची संख्या २ चा ४३५ वा घात, म्हणजे १३१ अंकी संख्या. तुमच्यासमोर त्यातले एकच आहे. त्यात मैत्रीची त्रिकुटे पुष्कळ दिसतात, म्हणून ‘मित्रांचे मित्र एकमेकांचे मित्र होतात’ असा निष्कर्ष काढायचा, तर आधी विचारायला हवे: एवढी त्रिकुटे निव्वळ योगायोगानेही आली नसती का? मुली मुलींशी आणि मुलगे मुलग्यांशी जास्त बोलतात, एवढ्यानेच ती तयार झाली नसतील कशावरून? एक-दोन विद्यार्थी फार लोकप्रिय असले तरी त्रिकुटे वाढतात. या सगळ्या शक्यता एकाच वेळी तोलणारी संख्याशास्त्रीय प्रारूपे १९८६ पासून, ओव्हे फ्रँक आणि डेव्हिड स्ट्रॉस यांच्या कामापासून, विकसित होत आली आहेत. साध्या रिग्रेशनमध्ये, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजण्याच्या नेहमीच्या संख्याशास्त्रीय पद्धतीत, प्रत्येक निरीक्षण इतरांपासून स्वतंत्र धरतात. आमच्याकडे एक रेघ दुसरीवर अवलंबून असते आणि त्या अवलंबनाचाच आम्ही अभ्यास करतो, त्यामुळे ते गृहीतक पहिल्याच पायरीवर मोडते.

या विषयातला सर्वांत चिवट वाद आपल्याकडच्या दोन वचनांत आधीच भांडतो आहे. ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ म्हणते, सारख्या शीलाची माणसे एकमेकांना शोधतात. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ म्हणते, आधी शेजार आणि मग सारखेपणा. सिगारेट ओढणाऱ्या मुलाचे मित्रही सिगारेट ओढतात, हे दोन्हींनी खरे ठरते. उपाय मात्र पूर्ण वेगळे निघतात. संगत लागून सवय जडत असेल, तर एका मुलाची सवय सोडवल्याने त्याच्या मित्रांचाही फायदा होईल. सवय पाहून संगत जमत असेल, तर एकाने सिगारेट सोडल्यावर त्याचे मित्रच बदलतील आणि बाकीचे होते तिथेच राहतील.

२००७ मध्ये निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घकालीन आरोग्य अभ्यासातल्या १२,०६७ जणांच्या ३२ वर्षांच्या नोंदींवरून मांडले, की मित्र स्थूल झाला तर आपण स्थूल होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. निष्कर्ष जगभर गाजला. पुढच्याच वर्षी एथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याच धर्तीची पद्धत किशोरवयीनांच्या डेटावर लावली आणि मुरुमे, डोकेदुखी, इतकेच काय उंचीसुद्धा मित्राकडून मित्राला ‘लागते’ असे उत्तर काढून दाखवले. उंची लागत नाही हे उघड आहे, म्हणजे पद्धतीत कुठेतरी फट आहे. २०११ मध्ये कॉस्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस यांनी ती फट गणिताने नेमकी दाखवली. मैत्री आणि वर्तन या दोहोंवर परिणाम करणारा एखादा गुण आपल्याला दिसत नसेल, तर नुसत्या निरीक्षणाच्या डेटातून निवड आणि संगत सर्वसाधारणपणे वेगळ्या काढता येत नाहीत.

यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे तीच माणसे पुन्हा पुन्हा पाहायची. टॉम स्नाइडर्स आणि सहकाऱ्यांनी रचलेल्या प्रारूपात नाती बदलण्याची आणि सवयी बदलण्याची अशा दोन प्रक्रिया शेजारी शेजारी चालतात. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात कोणी एक रेघ जोडली-तोडली असेल किंवा सवय एका पायरीने बदलली असेल, अशा लहान पावलांनी संगणक तो काळ हजारो वेळा रचून पाहतो. मग कोणते नियम धरले तर प्रत्यक्ष दिसलेला बदल निघतो, हे शोधतो. दुसरी वाट प्रयोगाची. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडले होते, की नव्या नोकरीची बातमी जिवलगांकडून कमी आणि तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना जे ठाऊक ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. त्याची कार्यकारण पातळीवरची मोठी तपासणी २०२२ मध्ये आली. लिंक्डइनने पाच वर्षांत सुमारे २ कोटी लोकांना दाखवलेल्या ओळखींच्या सूचनांमध्ये यादृच्छिक फेरफार केलेले होते, त्यांचा तो अभ्यास. मूळ कल्पना टिकली, पण एका दुरुस्तीसह: अगदी पुसट ओळखींपेक्षा मध्यम पुसट ओळखी जास्त उपयोगी ठरल्या. एक विधान तपासायला पन्नास वर्षे लागली, आणि तपासल्यावर ते अधिक नेमके झाले. मला हे फार मोलाचे वाटते.

‘नेटवर्कमधली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कोण’ हा प्रश्न बाहेरचे लोक नेहमी विचारतात, म्हणून त्याबद्दल थोडेसे. लिंटन फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मध्यवर्तीपणाचे तीन अर्थ वेगळे केले: थेट नाती किती, इतरांपर्यंत पोचायला पावले किती, आणि इतरांच्या परस्परांकडे जाणाऱ्या वाटा आपल्यावरून किती जातात. फिलिप बोनासिच यांनी १९७२ मध्ये आणखी एक दिला: आपल्याशी जोडलेले स्वतः किती जोडलेले आहेत. चारही मापांनी चार वेगळी माणसे पुढे येऊ शकतात. कोणते माप घ्यायचे हे रेघेवरून काय वाहते त्यावर ठरते. अफवा एकाच वेळी दहा जणांकडे जाते, उसने दिलेले पुस्तक एकाकडेच जाते.

आणि कधी कधी महत्त्वाची व्यक्ती अशी नसतेच. पीटर बेअरमन, जेम्स मूडी आणि कॅथरिन स्टोव्हेल यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका हायस्कूलमधल्या विद्यार्थ्यांच्या १८ महिन्यांतल्या प्रेमसंबंधांचा नकाशा छापला. संबंध असलेल्या ५७३ विद्यार्थ्यांपैकी २८८ जण एकाच लांबलचक साखळीत जोडलेले निघाले. मधोमध कोणी केंद्र नव्हते. फांद्या फुटत गेलेले झाड असावे तसा तो आकार होता. त्याचे कारणही त्यांनी शोधले. आपल्या जुन्या जोडीदाराच्या नव्या जोडीदाराचा जो आधीचा जोडीदार, त्याच्याशी मुले नाते जोडत नाहीत, कारण चारचौघांत ते कमीपणाचे दिसते. हा नियम कोणी सांगितलेला नव्हता, तरी तो पाळला जात होता आणि त्यातून झाड तयार होत होते. आरोग्य खात्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा. थोडेसे ‘अतिसक्रिय’ शोधून त्यांच्यावर भर देण्याचे धोरण अशा ठिकाणी कामाचे नाही. झाडाची कुठलीही रेघ तुटली तरी संसर्गाची वाट तुटते, तेव्हा सर्वांशीच बोलायला हवे.

आता रोजच्या कामाबद्दल. वर्षाचा बराच भाग डेटा गोळा करणे, साफ करणे आणि एकाच माणसाची चार प्रकारे लिहिलेली नावे जुळवणे यात जातो. गैरहजर असलेल्यांचा पाठपुरावा सर्वांत महत्त्वाचा. साध्या सर्वेक्षणात दहा टक्के लोक सुटले तर नमुना दहा टक्क्यांनी लहान होतो. नेटवर्कमध्ये सुटलेला माणूस दोन गटांना जोडणारा एकमेव पूल असू शकतो, आणि तो सुटला की समाज दुभंगलेला दिसतो. मग प्रारूपे बसवणे, ती बसत नाहीत तेव्हा का बसत नाहीत ते शोधणे, लिहिणे, परीक्षकांना उत्तरे देणे, शिकवणे. निवांतपणे सिद्धता करत बसण्याचे दिवस थोडे येतात आणि ते सुखाचे असतात.

गणित किती? संभाव्यता आणि संख्याशास्त्र पक्के हवे, यात तडजोड नाही. मॅट्रिक्सची, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटीची, भाषा हातात बसलेली हवी, कारण नेटवर्क संगणकाला मॅट्रिक्स म्हणूनच दिसते आणि बोनासिच यांचे माप म्हणजे त्याच मॅट्रिक्समधून निघणारी, आयगनव्हेक्टर नावाची संख्यांची यादी. ग्राफ थिअरीचा, म्हणजे बिंदू-रेघांच्या गणिताचा, एक पूर्ण अभ्यासक्रम करावा. कॅल्क्युलस प्रारूपे वाचण्यापुरते पुरते. ‘आर’ किंवा ‘पायथन’ यांपैकी एक संगणकाची भाषा नीट यावी. आमच्या क्षेत्रातली संख्याशास्त्रीय प्रारूपे अजून मुख्यतः ‘आर’मध्ये असतात, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात करायला सांगते. समाजशास्त्राची पदवी असलेल्याला हे सगळे दोन-तीन वर्षांच्या नेमाने जमते. उलट दिशेने येणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्यांना सिद्धान्त, क्षेत्रकाम आणि चांगला प्रश्न ओळखणे शिकायला जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव आहे.

या वाटेवरून मोठी झालेली माणसे दोन्ही बाजूंनी आली आहेत. हॅरिसन व्हाइट यांनी १९५५ मध्ये एमआयटीतून सैद्धान्तिक भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली, मग १९६० मध्ये प्रिन्स्टनमधून समाजशास्त्रात दुसरी. हार्वर्डमध्ये त्यांच्या हाताखाली ग्रॅनोव्हेटर आणि बॅरी वेलमन यांच्यासारख्यांची पिढी घडली. डंकन वॉट्स यांची पीएच.डी. यांत्रिकी विषयातली. १९९८ मध्ये स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांच्यासोबत त्यांनी ‘छोट्या जगा’चे, म्हणजे कोणतीही दोन माणसे थोड्याच ओळखींच्या अंतरावर असतात या कल्पनेचे, प्रारूप मांडले, मग ते कोलंबियात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुढे याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात गेले आणि पुन्हा विद्यापीठात परतले. ग्रॅनोव्हेटर यांचा तो १९७३चा लेख १९६९ मध्ये एका अग्रगण्य नियतकालिकाने नाकारला होता, आणि आज तो समाजशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी आहे. तुमचाही पहिला लेख परत येईल. परीक्षकांची टिपणे आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग एकेक मुद्द्याने वाचा.

नोकऱ्या कुठे असतात? विद्यापीठांत, पण फक्त ‘नेटवर्क’साठी अशी जागा क्वचितच निघते. तुम्हाला शिक्षण, आरोग्य, संघटना, स्थलांतर असा एखादा विषयही आपला म्हणून सांगता आला पाहिजे. नेटवर्क ही तुमची पद्धत असेल आणि तो विषय तुमची ओळख. सार्वजनिक आरोग्यात संसर्गाच्या वाटा आणि सहज सापडत नसलेल्या समूहांपर्यंत पोचणे यासाठी आमच्या लोकांना सतत मागणी असते. कंपन्यांत सल्लामसलतीचे जाळे कसे चालते हे पाहण्याचे काम असते. तंत्रज्ञान कंपन्यांचे संशोधन विभाग डेटा प्रचंड देतात, पण काय छापायचे हे त्यांच्या हातात राहते. विकास योजनांच्या मूल्यमापनात अर्थशास्त्रज्ञ या पद्धती घेऊन फार पुढे गेले आहेत. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या ७५ गावांत कोण कोणाकडून तांदूळ किंवा रॉकेल उसने घेतो, सल्ला कोणाला विचारतो, देवळात कोणासोबत जातो अशी बारा प्रकारची नाती विचारली आणि सूक्ष्म कर्जाची माहिती कशी पसरली ते २०१३ मध्ये मांडले. त्या प्रश्नांची यादी जरूर वाचा. तिथल्या जगण्यात नाते कशात दिसते हे कोणीतरी जाणून घेतले होते, हे त्या यादीवरून कळते.

एका बाबतीत मी कठोर आहे आणि तुम्हीही असावे. नेटवर्कच्या डेटात नावे खोडली म्हणजे ओळख लपत नाही, कारण रेघांचा आकारच माणसाची ओळख असतो. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा फेसबुक डेटा नावे काढून संशोधनासाठी खुला केला गेला. ते विद्यापीठ कोणते हे थोड्याच काळात ओळखले गेले आणि डेटा मागे घ्यावा लागला. शिवाय आमच्या प्रश्नावलीत असा माणूसही येतो, ज्याने संमती दिलेलीच नाही. कोणीतरी त्याचे नाव लिहिले एवढाच त्याचा संबंध. कंपनीच्या अभ्यासात ज्याच्याकडे एकही रेघ येत नाही असा कर्मचारी दिसतो, आणि व्यवस्थापन हमखास विचारते, हा कोण? हे नाव कधीही देऊ नका. देणार नाही हे कराराच्या कागदावर आधीच लिहून घ्या. त्या प्रश्नावलीत आम्ही एकच प्रकारचे नाते विचारलेले असते आणि त्याच्यावर बाकीचे किती टेकलेले आहेत हे त्यात येतेच असे नाही.

सुरुवात करायची तर महाकाय डेटा शोधू नका. २५-३० जणांचा एखादा गट घ्या, ज्यात तुम्हाला रीतसर परवानगीने वावरता येईल. नात्याबद्दल दोनच प्रश्न ठरवा, उदाहरणार्थ ‘अडल्यावर मदत कोणाकडे मागता’ आणि ‘मोकळा वेळ कोणासोबत घालवता’. उत्तरांचे दोन नकाशे आधी कागदावर हाताने काढा. ते कुठे जुळत नाहीत ते पाहा आणि त्यातल्या एका विसंगतीमागे लागा. सूत्रे त्यानंतर लावा. ‘आर’मधला ‘आयग्राफ’ हा तयार सूत्रांचा संच त्यासाठी पुरेसा आहे. काही महिन्यांनी त्याच लोकांना तेच प्रश्न पुन्हा विचारता आले, तर निवड आणि संगत यांचा वाद तुमच्याच वहीत उभा राहील.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक पाहताना त्यांच्या लेखांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांना विचारा, की तुमच्या शेवटच्या प्रकल्पात नाते विचारणारा प्रश्न कोणता होता आणि तो तशाच शब्दांत का ठरला. सॉफ्टवेअरचे नाव सांगून त्यांनी विषय बदलला तर दुसरीकडे पाहा. कोणते शब्द आधी घेतले होते, लोकांनी त्यांचा काय अर्थ लावला, मग काय बदलले, असे ते बराच वेळ सांगत राहिले, तर अर्ज तिथेच करा.